उडत्या बोटींच्या वाटेत बाबा

४ मे १९४३, मंगळवार

पुन्हा तेच! लिस्बनची उडती बोट, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान, वर घिरट्या घालतेय, पाण्यावरची उतरायची वाट आम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून साफ केलेली, एक फळकूट शिल्लक ठेवलेलं नाही — आणि वाटेच्या खुणेला तरंगणाऱ्या बोयांच्या बरोब्बर मध्ये एक होडी. कोणाची, ते विचारायलाच नको. अख्ख्या पूल गावच्या बंदरात तपकिरी ठिगळाचं शीड एकाच माणसाचं आहे, आणि तो माणूस माझा बाप आहे.

लाँच घेऊन गेले. लाल बावटा हलवला, भोंगा वाजवला. बाबा पाठ करून जाळं ओढत बसलेले. अगदी जवळ जाऊन ओरडले तेव्हा कुठे मान वळवली.

‘ओरडतेस काय? मासे पळतात.’

‘बाबा, वर बघा! बोट उतरायचीय!’

‘मग उतरू दे की. मी काय तिचा हात धरलाय?’

हलले शेवटी. पण कसे, तर चर्चमधून गप्पा मारत घरी निघाल्यासारखे! तोवर बिचारी ‘केटी’ वर आणखी फेऱ्या मारत राहिली. (बोटीच्या शेपटीवरचं शेवटचं अक्षर के, म्हणून आम्ही तिला केटी म्हणतो. युद्धात बोटींना नावं नाहीत, पण हाक मारायला काहीतरी लागतंच.) माझी खलाशी डल्सी मागे तोंड दाबून हसत होती.

परत आले तर आमचे मुख्य ट्रेव्हॅनियनसाहेब धक्क्यावर उभे. ‘मिस स्टिकलंड, तो म्हातारा कोण आहे, काही कल्पना?’

‘हो साहेब. आहे.’

नाव सांगायची गरजच नव्हती. होडीवर पांढऱ्या रंगात मालकाचं नाव, ‘जेबेझ स्टिकलंड’, एवढं मोठं लिहिलंय, आणि साहेबांना वाचता येतं.

५ मे

जेवताना बाबा ताटाकडे बघत म्हणाले, ‘विजार घातलेली बाई मी जत्रेत बघितली होती एकदा. तिकीट काढून. आता घरी फुकट वाढते.’

विजार विमान कंपनीची आहे, निळी, आणि खिशाला बटण आहे. बटाट्याची वाटी मी जरा जोरातच आपटली.

८ मे, शनिवार

डल्सीने आज माझं डोकं उठवलं. मुलगी चांगली आहे, अंगात ताकद आहे, पण युद्धाआधी बोर्नमथला बायकांचे केस कुरळे करत होती आणि अजून तिला वाटतं की बोट म्हणजे एखादं गिऱ्हाईक. हसून पुढून जायचं! हजार वेळा सांगितलं — मागून जायचं, डाव्या दारापाशी जायचं, पुढचे पंखे फिरत असोत की थांबलेले असोत. आज केटीच्या नाकासमोर उभी राहून हात हलवत होती. कप्तान ऑर्मरॉडनी खिडकीतून जे काही ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही.

नंतर धक्क्यावर चहा पिताना कप्तानसाहेब मवाळ झाले आणि मग त्यांचं नेहमीचं सुरू. युद्धाआधी काय दिवस होते! साउथॅम्प्टनहून निघायचं, अलेक्झांड्रियाला जेवायचं, कराचीला गालिचे घ्यायचे, पुढे सिंगापूर. प्रवाशांना चांदीच्या ताटल्या. रात्री बोट पाण्यावर बांधून सगळे हॉटेलात झोपायला. ‘आणि आता काय? खिडक्यांवर काळा रंग, आणि बिशपच्या मांडीवर सरकारी टपालाची पोती!’ मी हे इतक्यांदा ऐकलंय की कराचीच्या गालिच्याची किंमत मीच सांगू शकते.

डल्सीला आज पहिल्यांदाच काच दिसली. म्हणाली, ‘अगं, किती सुंदर! पाणी हलतच नाहीये!’ सुंदर! मी सांगितलं, बाई, यासारखं वाईट पाणी दुसरं नाही. वरून येणाऱ्याला पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं तेच कळत नाही. एक तर घराइतक्या उंचीवरून धपकन खाली पडतो, नाही तर नाक खुपसतो. म्हणून आपण पुढे जाऊन लाँच वेड्यासारखी फिरवायची, नागमोडी, पूर्ण वेगात. लाटा उठल्या की त्याला पाणी दिसतं. याला म्हणतात काच फोडणं. ती म्हणाली, ‘म्हणजे आपण फक्त पाणी ढवळायचं?’

हो. फक्त पाणी ढवळायचं. लाँचवरचं माझं तांडेलपण म्हणजे एवढंच आहे, असं बाबाही म्हणतात.

११ मे

आज बाबा वाटेत नव्हते. गुडघा दुखत होता. देवाचे आभार मानले, मग लाज वाटली. मग पुन्हा मानले.

१४ मे, शुक्रवार

दोन दिवस वारा सुटलाय. आमचं काम बंद. पलीकडे हॅमवर्दीला हवाई दलाच्या उडत्या बोटी बोयांना बांधलेल्या. वादळात प्रत्येक बोटीवर दोन पोरं ठेवतात, इंजिनं चालू ठेवून नाक वाऱ्यात धरायला, नाही तर बोया तोडून बोट किनाऱ्यावर येते. इथून दुर्बिणीतून बघितलं तर एक जण खिडकीतून ओकत होता. सबंध युद्धात पाणबुड्या शोधत हिंडणारी पोरं, आणि इथे घरच्या खाडीत त्यांचा जीव जातोय.

आणि मग काय दिसलं? तपकिरी ठिगळ! या वाऱ्यात! बाबा त्यांची होडी ‘सुसाना’ घेऊन त्यांच्या बाजूला गेले आणि दारातून बादली वर दिली. भाजलेले मासे. आमच्या स्वयंपाकघरातले! आमचं रात्रीचं जेवण!

संध्याकाळी विचारलं, ‘तुम्हाला तर उडत्या बोटी नको असतात. पंखवाली डुकरं म्हणता ना?’

‘बोटी नकोतच. पण पोरं कुणाची तरी आहेत.’ मग मागच्या युद्धातली गोष्ट काढली — कापडी पंखांची एक बोट इंजिन बंद पडून यांच्यासमोर येऊन बसली होती, ती यांनी आणि आजोबांनी वल्ही मारत ओढून आणली. त्या लोकांनी आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी बंदरात पाटी लावली: मच्छीमारांनी दूर राहावं. ‘तेव्हापासून मी दूर राहत नाही,’ म्हणाले.

पंचवीस वर्षांचा राग! आणि तो माझ्या लाँचवर काढायचा.

मला काय खायला मिळालं ते लिहून ठेवते: पाव आणि अंड्याची भुकटी.

१८ मे, मंगळवार

आज शेवटची ताकीद मिळाली. ट्रेव्हॅनियनसाहेबांनी आत बोलावलं, दार लावलं. माणूस वाईट नाही, पण दार लावलं की बातमी कधीच चांगली नसते.

‘पुन्हा एकदा तुझे वडील बोयांच्या आत दिसले, तर त्यांचा परवाना रद्द. युद्ध संपेपर्यंत होडी पाण्यात घालता येणार नाही. आणि हे बघ, मुख्य कचेरीत काही जण आधीपासूनच म्हणतायत की लाँचवर बायका कशाला. वाट मोकळी राहिली नाही तर मी तुझी बाजू किती दिवस घेणार?’

घरी येऊन सांगितलं. अगदी शांतपणे सांगितलं. मी शांत होते! बाबा जाळं दुरुस्त करत होते. म्हणाले, मासळी तिथेच आहे. त्या बोटी उतरून उतरून तळ ढवळतात, म्हणून मासळी तिथेच येते. मग मी कुठे जाऊ, टेकडीवर?

‘परवाना गेला तर काय कराल?’

‘परवाना? या पाण्याला माझ्या आजाने कधी परवाना विचारला नाही.’

‘आणि माझी नोकरी?’

‘तू भांड्यांच्या कारखान्यात बरी होतीस. कोरडी तरी राहायचीस.’

इथे माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आठ वर्षांची असल्यापासून यांनीच मला त्या होडीत बसवलं. वारा ओळखायला शिकवलं, गाठी शिकवल्या, आई गेली तेव्हा मी शाळा सोडून त्यांच्याबरोबर जाळी ओढली. पोरगा असता तर होडी दिली असती. मी मुलगी, मला भांडी रंगवायला पाठवलं. आता कुठे एका लाँचचं चाक माझ्या हातात आलंय, आणि तेही यांना सलतंय!

हे सगळं बोलले नाही. इथेच लिहिलं. बोलले फक्त एवढंच की उद्यापासून मासे तुम्हीच भाजा.

१९ मे

भाजले त्यांनी. करपवले.

२२ मे, शनिवार

लिहिलं नाही तर झोप लागणार नाही.

सकाळी वारा पडला. पाणी असं की समोरचं ब्राउन्सी बेट झाडांसकट पाण्यात उलटं उभं. केटी पश्चिम आफ्रिकेहून येत होती आणि निरोप आला की एक इंजिन बंद आहे, तेल संपत आलंय, घिरट्या घालणार नाही, सरळ उतरणार. साहेब म्हणाले, ‘काच फोड. लवकर.’ मी आणि डल्सी सुटलो.

आणि वाटेत बाबा. आज! आजच!

भोंगा. बावटा. काही नाही, पाठ करून बसलेले. मला आठवतंय, मी डल्सीला म्हटलं, ‘आज मी यांना पाण्यात ढकलते.’ संताप डोक्यात गेला होता. त्यांच्या पुढून वळसा घालून जायला हवं होतं. मी मागून कापून गेले, जवळून, मुद्दाम, त्यांच्या अंगावर पाणी उडावं म्हणून. हो, मुद्दाम.

ते एकदम उभे राहिले आणि ओरडले, ‘जाळं! अगं, जाळं!’

होडीच्या मागून कधीही जायचं नसतं. मागे जाळं असतं. हे मला कुणी शिकवावं लागत नाही, हे मी होडीत बसले त्या पहिल्याच दिवशी शिकले. मासेमाराची मुलगी मी, आणि मी जाळ्यावरून लाँच नेली. लाँचच्या पाण्याखालच्या पंख्यात दोर गुंडाळला गेला, इंजिन घरघरलं आणि बंद पडलं.

मग इतकी शांतता झाली की वरून केटीचा आवाज ऐकू आला.

धोक्याचा लाल बार उडवला. ती तरी काय करणार? थांबण्याइतकं तेल तिच्याकडे नव्हतंच. आम्हाला चुकवून बाजूने आली, न फुटलेल्या काचेवर. कप्तान ऑर्मरॉडसारखा माणूस, हजारदा उतरलेला, आणि त्यालाही पाणी दिसलं नाही. वरच्या वर थांबल्यासारखी झाली, आणि मग पडली. डाव्या अंगावर पडली. डाव्या पंखाच्या टोकाखालचा फ्लोट, पंख पाण्यावर तोलून धरणारा तरंगता डबा, उखडून गेला, आणि पंख हळूहळू पाण्यात जायला लागला. पंख बुडला की अख्खी बोट उलटते. आत माणसं होती.

डल्सीने बूट काढले, दातात सुरी धरली आणि पंख्यातला दोर कापायला पाण्यात उडी मारली. मी तिला कधी पोहायला येतं का विचारलंही नव्हतं.

तिकडे केटीच्या पाठीवरचं झाकण उघडलं आणि माणसं उजव्या पंखावर चढायला लागली, वजन टाकायला. कोणी खलाशी, कोणी लष्करातला मोठा माणूस, एक बाई फरचा कोट घालून, आणि एक बिशप चक्क चार पायांवर. कप्तान ओरडत होते, ‘टोकापर्यंत जा! अजून पुढे! बिशपसाहेब, तुम्हीसुद्धा!’ तरी डावा पंख खालीच चालला होता.

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी कोयता काढून स्वतःचं जाळं कापलं. नवं जाळं, हिवाळाभर विणलेलं. आणि वल्ही मारत निघाले. एकसष्ट वर्षांचा माणूस, दुखरा गुडघा — मी त्यांना कधी असं वल्हवताना बघितलं नाही. शिडाची काठी आडवी पाडली, ‘सुसाना’ सरळ त्या बुडत्या पंखाच्या टोकाखाली घातली, दोर फेकला, बांधली. पंख होडीवर टेकला. होडीच्या फळ्या करकरल्या, तो आवाज मला लाँचवर ऐकू आला. पण पंख थांबला. फ्लोटच्या जागी आमची होडी!

हवाई दलाच्या लाँच आल्या, केटीला हळूहळू ओढत नेलं. सगळे उतरले. एकाचा हात मोडला, एवढंच. डल्सीने पंखा मोकळा केला आणि आम्ही पोचलो, सगळं संपल्यावर. केटी उथळ पाण्यात लागली, पंखाचा भार सरकला, आणि ‘सुसाना’ मधोमध दुभंगली. बाबांना कोणीतरी दंडाला धरून लाँचवर ओढलं. होडी बुडाली तेव्हा ते तिच्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

आईच्या नावाची होडी होती ती.

२३ मे, रविवार

मला कामावरून बाजूला ठेवलंय, चौकशी होईपर्यंत. काच का फोडली नाही, याचं उत्तर लाँचच्या तांडेलानं द्यायचं असतं.

आणि बाबा? वीर पुरुष! सकाळपासून दारात माणसं. ‘नांगर’ पबच्या मालकाने बिअरची पिंपं तेवढी पाठवायची बाकी ठेवलीत. हवाई दलाची पोरं आली, पाठीवर थापा. कप्तान ऑर्मरॉड स्वतः आले, बाबांचा हात हातात घेतला, डोळ्यात पाणी, आणि आफ्रिकेहून आणलेला केळ्यांचा घड दिला. केळी! युद्ध सुरू झाल्यापासून या गल्लीत कुणी केळं पाहिलेलं नाही. शेजारची मिसेस लॉडर वास घ्यायला आली होती, नुसता वास.

बाबा खुर्चीत बसून तंबाखू ओढत होते. ‘अहो, तुम्ही नसता तर!’ असं प्रत्येक जण म्हणतो. ते नसते तर?! ते नसते तर काच फुटली असती, केटी अलगद उतरली असती, आणि बिशप आपल्या पायांवर खाली आला असता! हे मी मनात ओरडले. बाहेर चहा केला, सगळ्यांना दिला.

बाबा एक शब्द बोलत नाहीत. वाटेत होतो म्हणून नाही, जाळ्याबद्दल नाही, होडीबद्दलही नाही. मीही बोलत नाही.

ताटात एक केळं ठेवलं होतं माझ्या. खाल्लं. रागावलेली होते, तरी सोडलं नाही. असलं काही सोडायचे दिवस नाहीत हे.

२५ मे

गोदामात जीवरक्षक पट्टे धुतेय. डल्सीला लाँचवर ठेवलंय, हंगामी तांडेलाबरोबर. तो केस कापायला तिच्याकडेच येतो म्हणे, आणि चाक धरल्या धरल्या लाँच बोयावर आपटली. डल्सी रडत सांगायला आली. मला हसू आलं, मग मीही रडले. दोघी पट्ट्यांच्या ढिगावर बसून. खरंच सांगते, मला ते चाक हवंय. दुसरं काही नकोय मला या जगात, फक्त ते चाक.

२७ मे, गुरुवार

सगळं डोक्यात घोळवतेय. चौकशीत खरं सांगितलं — बाबा वाटेत होते, म्हणून — तर मी सुटेन. त्यांचा परवाना जाईल. होडी गेलीच आहे, पण परवाना गेला म्हणजे पुन्हा होडी घेण्याची आशासुद्धा गेली. एकसष्टाव्या वर्षी पाण्यावरून उतरवलेला मासेमार. ‘नांगर’च्या बाकावर बसून मरेल तो.

आणि नाही सांगितलं तर?

सकाळी चिडून विचारलं, ‘काही बोलणार आहात का?’

‘कशाबद्दल?’

दार आपटून बाहेर पडले. हा माणूस!

२९ मे, शनिवार

चौकशी झाली. टेबलामागे ट्रेव्हॅनियनसाहेब आणि मुख्य कचेरीतून आलेला एक टकलू, ज्याने मी आत जाताच माझ्या विजारीकडे बघितलं.

मी सांगितलं: माझी चूक. बाबा बोयांच्या बाहेर होते. जाळं बाहेरून आत वाहत आलं होतं. मी रागाच्या भरात मागून गेले आणि जाळं पंख्यात घेतलं. अर्धं खरं, अर्धं खोटं. खोटं बोलताना मी साहेबांच्या दौतीकडे बघत होते.

टकलू खूश झाला. ‘बघितलंत?’ म्हणाला. ‘राग. बायकांचा हाच प्रॉब्लेम.’

साहेबांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग चष्मा काढला आणि डोळे चोळले, दात दुखत असल्यासारखे.

‘मिस स्टिकलंड, तुमचे वडील मंगळवारी इथे आले होते. स्वतःहून. टोपी हातात घेऊन. म्हणाले, मी बोयांच्या आत होतो, माहीत असून होतो. ती मला हटवायला आली, तर मी जाळं तिच्या पुढ्यात फेकलं. मुद्दाम. तिचा काही दोष नाही.’

मी म्हटलं, ‘साफ खोटं!’

‘काय खोटं?’

‘त्यांनी फेकलं नाही! जाळं आधीपासूनच मागे होतं. त्यांनी तर ओरडून सांगितलं मला!’

‘म्हणजे ते आत होते.’

मी पुन्हा दौतीकडे बघितलं.

ट्रेव्हॅनियनसाहेब टकलूकडे वळले. ‘माझ्या सबंध नोकरीत मी असली चौकशी केलेली नाही,’ म्हणाले. ‘प्रत्येक जण दुसऱ्यावर ढकलतो, हे मला समजतं. इथे बाप आणि मुलगी एकच गुन्हा एकमेकांच्या हातून ओढून घेतायत, आणि दोघंही धडधडीत खोटं बोलतायत! काय करू मी यांचं?’

टकलू म्हणाला, बाईला काढा. साहेब म्हणाले, मग लाँच कोण चालवणार, तुम्ही? हंगामी माणसाने आठवड्यात दोन बोयांवर लाँच आपटलीय.

निकाल: बाबांचा परवाना रद्द. मला चौकशीत खोटं बोलल्याबद्दल सणसणीत ताकीद, आणि लाँच परत.

मला आनंद झाला नाही. म्हणजे झाला. पण तो बाहेर पडेपर्यंतसुद्धा टिकला नाही.

३० मे, रविवार

आज बोलले त्यांच्याशी. भांडले म्हणा. तुम्हाला कुणी सांगितलं होतं जायला? मी माझं बघून घेतलं असतं! फेकलं म्हणे मुद्दाम! आयुष्यात कधी जाळं फेकलंत का कुणाच्या पुढ्यात? आणि मला न सांगता? एका घरात राहून?

‘तू बोलत नव्हतीस,’ म्हणाले.

‘तुम्ही बोलत नव्हता!’

मग पाइप साफ करायला लागले. मला वाटलं, झालं, संपलं आता. तर खाली बघतच म्हणाले, ‘होडी काय, माणसाला दुसरी मिळते कुठेतरी. तुझी लाँच गेली असती, तर तुला दुसरी कोण देणार होतं?’

कोणी नसती दिली. आणि त्यांनाही कोणी होडी देणार नाहीये, परवान्याशिवाय, या वयात. दोघांनाही ते माहीत आहे. मी त्यांच्या गुडघ्याला तेल लावून दिलं. नको नको म्हणत होते. रडू आलं मला आणि मी ते लपवलं नाही. ‘आता रडतेस कशाला,’ म्हणाले, ‘लाँच मिळाली ना?’ यांच्यापुढे मी हात टेकले.

३ जून

बाबा घरात. दिवसभर. चहाचं भांडं चुकीच्या जागी, दारं उघडी, खिडकीतून मला उपदेश — ‘आज वारा फिरेल, सांग तुझ्या साहेबाला.’ फिरला वारा. सांगितलं नाही मी. मिसेस लॉडर म्हणते, माणूस घरात बसला की भिंती चढतो. बाबा अजून चढलेले नाहीत, पण काल मी आले तेव्हा धक्क्याच्या टोकाला नुसते उभे होते, दोन्ही हात मोकळे. त्यांना मोकळ्या हातांनी उभं असलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. सहन झालं नाही. दुसऱ्या रस्त्याने घरी गेले.

५ जून

ट्रेव्हॅनियनसाहेबांशी बोलले. ते आधी नाही म्हणाले. मग हसले. मग पुन्हा नाही म्हणाले.

७ जून, सोमवार

आज लाँचवर नवा खलाशी आला. साहेब म्हणाले, हा माणूस बाहेर राहिला तर पुन्हा वाटेतच येणार, त्यापेक्षा आत घेतलेला बरा. डल्सीने कंपनीची टोपी दिली, ती त्याने न बघता खिशात कोंबली.

मी चाक धरलं. बाबा पुढच्या टोकाला, दोरावर हात ठेवून. इंजिन सुरू झालं तरी दोर सोडेनात. ओरडणारच होते मी — मग लक्षात आलं. माझ्या हुकुमाची वाट बघत होते.